वेलेनमधील निवड

आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश कथाकाराच्या गेराल्टवर आधारलेला ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ हा संगणकीय खेळ २०१५ मध्ये आला. त्यातील ‘ब्लडी बॅरन’चे उपाख्यान शोकात्मिकेच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये असे आहे. दारूच्या नशेत पत्नीला मारणारा हा बॅरन पश्चात्तापदग्ध आहे. पण पश्चात्ताप म्हणजे क्षमा नव्हे, हे भान संहितेत कोठेही सुटत नाही. गर्भपातात गेलेल्या अर्भकाला नाव देऊन उंबरठ्याखाली पुरण्याचा प्रसंग तर थेट लोककथेच्या गाभ्यातून आलेला वाटतो.

खरा पेच पुढे आहे. टेकडीतील वृक्षात कोंडलेल्या आत्म्याला मुक्त केले, तर दलदलीतील अनाथ मुले वाचतात. परंतु एक गाव उद्ध्वस्त होते, बॅरनची पत्नी ॲना मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारले, तर ॲना जगते, पण भ्रमिष्ट होऊन; मुले चेटकिणींच्या तोंडी जातात. ‘फेबल’मध्ये (२००४) दुष्कृत्यांनी नायकाला शिंगे फुटतात, येथे असा हिशेब मांडलेला नाही. खेळ मागे नेऊन दुसरा पर्याय तपासता येतो, हा आक्षेप रास्तच. मात्र निर्दोष वाट तेव्हाही सापडत नाही.

उणीव अन्यत्र आहे. मारहाण ॲनाने सोसली, चेटकिणींशी करारही तिनेच केला. तरी तिचे भवितव्य परक्या पुरुषाच्या निर्णयावर सोपवले जाते आणि शोकाचा धनी मात्र बॅरनच ठरतो.