शाप की वरदान, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या



आपण सगळ्यांनी शाळेत एक निबंध लिहिलेला आहे. 'विज्ञान : शाप की वरदान?' पहिल्या परिच्छेदात वरदान, दुसऱ्यात शाप, आणि शेवटी 'वापर कसा करायचा हे आपल्याच हातात आहे' असं लिहिलं की दहापैकी सात गुण ठरलेले. आता विज्ञानाच्या जागी सोशल मीडिया आलाय. निबंध मात्र तोच आहे. पालकसभेत तोच, वर्तमानपत्रात तोच, आणि खरं सांगायचं तर व्याख्यानांतही तोच.

म्हणून आज आपण एका अशा पुस्तकाबद्दल बोलू, ज्याने हा निबंध लिहायला नकार दिला आणि सरळ एक बाजू घेतली. जोनाथन हाइट या अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञाचं 'द अँक्शस जनरेशन'. २०२४ च्या मार्चमध्ये ते आलं. आमच्या वाचनगटात आम्ही ते वाचलं, त्यावर भांडलो, आणि त्या भांडणातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

हाइट यांचं म्हणणं थोडक्यात असं. साधारण २०१० ते २०१५ या काळात मुलांचं बालपण बदललं. खेळावर उभं असलेलं बालपण फोनवर उभं राहिलं. त्यातून चार गोष्टी बिघडल्या : प्रत्यक्ष सहवास कमी झाला, झोप कमी झाली, लक्ष विखुरलं आणि सवयीचं व्यसन झालं. मुलींना याची झळ जास्त बसली. उपायही त्यांनी चार सांगितलेत. हायस्कूलच्या आधी स्मार्टफोन नको, सोळा वर्षांच्या आधी सोशल मीडिया नको, शाळेत फोन नको, आणि मुलांना मोकळेपणाने, मोठ्यांच्या पहाऱ्याशिवाय खेळू द्या.

पुस्तक प्रभावी आहे, यात वाद नाही. 'मुलाला आवरा' एवढाच उपदेश ते करत नाही, हा त्याचा मोठा गुण. हाइट एक अडचण नेमकी पकडतात. एकट्या घराने फोन बंद केला तर ते मूल एकटं पडतं, कारण वर्गातले बाकीचे सगळे तिकडे असतात. त्यामुळे कुठलाच पालक एकटा हे करू शकत नाही. सगळ्यांनी मिळून केलं तरच जमतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता दुसरी बाजू. 'नेचर' या नियतकालिकात कँडिस ऑजर्स या मानसशास्त्रज्ञांनी या पुस्तकाचं कडक परीक्षण केलं. त्यांचं म्हणणं असं, की दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही. आधीच अस्वस्थ असलेली मुलं फोनकडे जास्त वळतात, असंही असू शकतं. त्याआधी २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली होती. मुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. बटाटे खाण्याशीही जवळपास तेवढाच संबंध निघतो, ही तुलना तेव्हा खूप गाजली. यावर हाइट यांचं उत्तर असं, की त्या हिशेबात टीव्हीपासून सगळे पडदे एकत्र केलेत. फक्त मुली आणि फक्त सोशल मीडिया पाहिला तर संबंध जास्त ठळक दिसतो.

मग खरं कोण? आम्हाला वाटतं, दोघांच्या भांडणात एक गोष्ट निसटते. सरासरी. समजा एकाच वर्गात दोन मुलं आहेत. एकाला फोनमुळे फायदा झाला, दुसऱ्याचं नुकसान झालं. सरासरी काढली तर उत्तर येईल : काहीच झालं नाही! पण वर्गात तर दोन्ही झालंय ना? २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं कंपनीलाच सांगितलं होतं. त्यातला 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याची जखम ओली, त्यालाच मीठ जास्त झोंबतं.

म्हणजे फायदे आणि तोटे एकाच मुलाच्या वाट्याला येत नाहीत. शाप की वरदान हा प्रश्न इथे कोसळतो. विचारायचं ते असं : कोणाला शाप, कोणाला वरदान, आणि ते ठरवतंय कोण?

इथून आपण आपल्याकडे येऊ. हाइट यांच्या पुस्तकातलं मूल साधारणपणे स्वतःच्या खोलीत, स्वतःचा फोन घेऊन बसलेलं आहे. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. 'असर' या सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल बघा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचा तो आहे. जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, आणि मुली? १९.८ टक्के. बाकीच्या मुली बापाचा, भावाचा फोन वापरतात. मागून घेतात, परत देतात, आणि कोणी काय पाहिलं हे घरात सगळ्यांना दिसतं.

आमच्या गटातल्या एका शिक्षिकेने सांगितलेला प्रसंग ऐका. नाव-गाव सांगत नाही. दहावीतल्या एका मुलीला खोट्या नावाच्या खात्यावरून घाणेरडे संदेश येत होते. दोन महिने ती गप्प राहिली. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "बाई, सांगितलं असतं तर फोन गेला असता. आणि फोन गेला असता तर क्लासही गेला असता." तिचा गणिताचा क्लास त्याच फोनवर चालायचा. एवढंच कशाला, 'शाळेत तरी कशाला पाठवायचं' इथपर्यंत बोलणं गेलं असतं, याची तिला धास्ती होती.

मंडळी, या मुलीच्या हातात वरदान आणि शाप एकाच पडद्यावर होते. आणि बंदीच्या भीतीने शाप लपून राहिला. हाइट यांच्या पुस्तकात या मुलीसाठी पान नाही. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

कायदे मात्र त्याच दिशेने चाललेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई झाली. त्यात एक चांगली गोष्ट आहे : दंड मुलाला नाही, पालकालाही नाही, कंपनीला आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. दुसरं कलम कंपनीला आवरतं, त्याचं स्वागतच. पहिल्याबद्दल मात्र आपण जपून राहू या. आपल्याकडे पालकांची संमती म्हणजे पुष्कळ घरांत बापाची किंवा भावाची परवानगी. त्या दहावीतल्या मुलीला ती मिळेल? आणि तिच्या भावाला ती मागावी तरी लागेल का?

मग करायचं काय? इथे मघाचा मुद्दा परत येतो. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. लॉकडाऊननंतर मुलं अभ्यासाला बसेनात, म्हणून गावाने हे ठरवलं. हाइट जे म्हणतात, की एकट्याने होत नाही, सगळ्यांनी मिळून करावं लागतं, ते सांगलीतल्या एका खेड्याने त्यांचं पुस्तक येण्याआधी दीड वर्ष करून पाहिलं.

पण आम्हाला त्यातलं वेगळंच काही मोलाचं वाटतं. तो भोंगा फक्त मुलांसाठी नव्हता. आईची मालिका बंद, बापाचा मोबाइलही बंद. आणि फोन कोणाकडून काढून घेतला नव्हता, साडेआठला तो परत मिळत होता. मुलीला आणि मुलाला सारखाच नियम. बंदी आणि शिस्त यांत हाच फरक आहे.

हाइट यांचं पुस्तक जरूर वाचा. झोपेबद्दल, खेळाबद्दल, शाळेतल्या फोनबद्दल ते जे सांगतात ते आपल्यालाही लागू आहे. पण ते आपल्या घरात आणताना एक दुरुस्ती करून आणा. आधी घरातल्या मुलामुलींना एक वाक्य सांगा : "काही वाईट घडलं तर सांग, फोन काढून घेणार नाही." आणि ते पाळा. घरात सांगणं अवघड असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक त्यांना माहीत असू द्या. नियम कुठलाही करा, पण सांगितलं म्हणून शिक्षा होणार नाही याची खात्री मुलांना असेल, तरच ती आपल्याशी बोलतील.

तुमच्यातले बरेच जण हे व्याख्यान फोनवरच ऐकताय, हे आम्हाला ठाऊक आहे. ऐकून झालं की फोन जरा खाली ठेवा आणि घरात हे एक वाक्य बोलून बघा. तुमच्या घरी काय घडलं, ते आम्हाला पुढच्या वेळी ऐकायला आवडेल.