शिफारशीचा कर्ता कोण?

‘शिफारस करण्यात येत आहे.’ परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी चाळताना हे वळण जागोजागी भेटते. दोन ओळींतले अंतर, खताची मात्रा, पेरणीची वेळ, सारे नेमके. शिफारस करणारा मात्र वाक्यात नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा गद्यप्रकार रुक्ष वाटेल. मला तो मराठीतल्या सर्वांत जोखमीच्या गद्यांपैकी वाटतो, कारण त्याच्या भरवशावर माणसे कर्ज काढून पेरतात.

या अदृश्य कर्त्यामागे चार विद्यापीठे आहेत : राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली आणि परभणी (दोन्ही १९७२). १९८३च्या एकाच कायद्याने चौघांना समान चौकट दिली. समन्वय पुण्याची कृषी शिक्षण व संशोधन परिषद पाहते. नवा वाण, अवजार किंवा लागवडीचे तंत्र आधी घरच्या विद्यापीठात तपासले जाते, मग ‘संयुक्त ॲग्रेस्को’पुढे येते. ही बैठक चारही ठिकाणी पाळीपाळीने भरते. तिथे परभणीच्या प्रस्तावाला अकोल्याचा किंवा राहुरीचा शास्त्रज्ञ प्रश्न विचारू शकतो. आपला पेपर आपणच तपासायचा नाही, हा या रचनेचा मोठा गुण. (आपल्या पुरस्कार समित्यांनी हेवा करावा असा.)

पण छापील वाक्यात या वादाचा मागमूस उरत नाही. कोणी शंका घेतली, चाचण्या किती हंगामांच्या होत्या, कोणत्या जमिनीत निकाल डळमळला, हे शेतकऱ्याला तिथे वाचायला मिळत नाही. एकमत छापले जाते, एकमतापर्यंतची वाट गळते.

वादाची एकच खूण राहते, ‘मराठवाडा विभागासाठी’ या शब्दांत. कोकणातला पाऊस आणि परभणीचा पाऊस यांत तिपटीचे अंतर. तेव्हा विभागवार शिफारस हवीच. पण हा विभाग कोणी आखला? आष्टीची मुरमाड जमीन आणि गोदाकाठची खोल काळी जमीन एकाच शब्दात बसवली, ती कार्यक्षेत्राच्या रेषेने. उलट पैनगंगेच्या अलीकडे हदगाव परभणीचे, पलीकडे उमरखेड अकोल्याचे. दोन्हीकडे कापूस, दोन्हीकडे सोयाबीन, आभाळही तेच. बियाणे ही रेषा पाळत नाही. ‘परभणी क्रांती’ भेंडी मराठवाड्याबाहेर कधीच गेली, नांदेडचा ‘एनएचएच ४४’ कापूसही.

चार विद्यापीठे एकत्र बसून निर्णय घेतात आणि निर्णयाची भाषा पुन्हा चार कप्प्यांत जाते, ही खरी विसंगती आहे. शिफारशीखाली दोन ओळी वाढवल्या तर किती कागद लागेल? चाचणी कुठल्या जमिनीवर, किती पावसात झाली आणि कोणता आक्षेप शिल्लक राहिला, एवढेच. मग हदगावचा शेतकरी विभागाचे नाव न बघता आपल्या मातीचे नाव शोधील, आणि ते कदाचित त्याला अकोल्याच्या पुस्तिकेत सापडेल.