नातीबरोबर पाहिलेला 'कोको'

कार्टून म्हणजे मुलांपुढे लावून द्यायचे आणि आपण वर्तमानपत्र उघडायचे, अशी माझी समजूत होती. पिक्सारचा 'कोको' आला २०१७ च्या अखेरीस. लगेच फेब्रुवारी २०१८ मध्ये आमच्या बडोद्यात ९१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाला गेलो, 'कोको' राहिला. तो आता वाडीतल्या घरी, नातीच्या हट्टापायी पाहिला.

मेक्सिकोतला मिगेल मृतांच्या सणाच्या रात्री पितरांच्या नगरीत पोचतो. पूर्वजांचे फोटो, नैवेद्य, झेंडूच्या पाकळ्यांचा पूल, यांतले काहीच आपल्याला परके वाटत नाही. मधला पाठलाग मात्र ठरावीक साच्याचा आहे.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. चिचारोन नावाचा एकाकी मृत हेक्टरचे गाणे ऐकून डोळे मिटतो आणि विरून जातो. जिवंतांत त्याची आठवण काढणारे कोणी उरलेले नसते. हेक्टर मिगेलला सांगतो की, ज्यांनी आपल्याला पाहिले त्यांनीच आपल्या गोष्टी पुढे सांगाव्या लागतात. श्राद्धात मी तीन पिढ्यांची नावे बिनचूक घेतो. पण पणजोबा कशाला हसत, कशावर चिडत, हे मला कोणी सांगितलेले नाही. दिग्दर्शक ली अंक्रिच यांच्या नगरीचा नियम आपल्या विधीपेक्षा कडक आहे.

खटकली ती भाषा. मूळ चित्रपटात ही मेक्सिकन माणसे इंग्रजी बोलतात. स्पॅनिश उरते ती हाकांपुरती आणि गाण्यांपुरती. तसे मी म्हणताच नात म्हणाली, "दादा, आपणे पण एवुंज बोलीए छीए ने!"

दादा म्हणजे मी. गुजरातीत वडिलांच्या वडिलांना दादा म्हणतात. मिगेलच्या घरात निदान आजीला हाक मारायचा शब्द तरी स्पॅनिश राहिला आहे. आमच्याकडे 'आजोबा' हा शब्दच आधी गेला.

शेवटी सगळे विसरलेली पणजी कोको वडिलांचे गाणे ऐकून स्वतः गाऊ लागते. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहताना हे चित्र आहे याचा मला विसर पडला.

रात्री नातीला माझ्या आजोबांची एक गोष्ट सांगितली. ती मराठीतच सांगितली. अडला तो शब्द तेवढा गुजरातीत. घरात वडीलधारे असतील तर हा चित्रपट त्यांच्यासोबत जरूर पाहावा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून त्यांना बोलू द्यावे.