नाव बदलले, हसू तेच राहिले

वर्तमानपत्रातील हास्यचित्रमालिकेला साहित्याच्या पंगतीत सहसा पाट मांडला जात नाही. तथापि युद्धकाळातील समाजमनाची साक्ष अग्रलेखांइतकीच ही चित्रेही देतात. अमेरिकेतील 'कॅट्झनजॅमर किड्स' ही मालिका या दृष्टीने उद्बोधक आहे.

जर्मनीत जन्मलेल्या रुडॉल्फ डर्क्स यांनी ती डिसेंबर १८९७ मध्ये हर्स्ट यांच्या 'न्यूयॉर्क जर्नल'मध्ये सुरू केली. तिची प्रेरणा विल्हेल्म बुश यांची 'माक्स उंड मोरित्स' (१८६५) ही चित्रकथा. हान्स व फ्रिट्झ ही दोन व्रात्य भावंडे, त्यांची भोळी माउली, रागीट कॅप्टन आणि जर्मन वळणाची मोडकी इंग्रजी हे तिचे भांडवल. खोडी आणि अखेरीस चोप, एवढाच मामला. पण तो घरोघरचा. १९१४ पासून हर्स्ट यांच्यासाठी ती हॅरल्ड नेर रेखाटू लागले.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि जर्मन शेजारी एकाएकी संशयास्पद ठरला. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात रॉबर्ट प्रागर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने फासावर लटकवले. त्याच वर्षी मालिकेचे नाव 'शेनॅनिगन किड्स' झाले. हान्स व फ्रिट्झ 'माइक' व 'अ‍ॅलेक' होऊन डच बनले. १९२० मध्ये जुने नाव परत आले.

येथेच या विनोदाचे बळ आणि दौर्बल्य दोन्ही दिसतात. खोड्या त्याच, चोप तोच. म्हणजे हसू राष्ट्राचे नव्हते, माणसाच्या स्वभावाचे होते आणि वैर केवळ नावात होते. मालिकेने जर्मनांना राक्षस म्हणून रंगवले नाही, त्यांना लपवले. हा संयम खरा; परंतु जर्मन घरही आपल्यासारखेच असते, हे सांगण्याची सर्वाधिक गरज होती, नेमके तेव्हाच तिने मौन पत्करले.

प्रभू येशूने दाखला सांगताना 'शोमरोनी' हे तिरस्कृत नाव गाळले नाही. ते गाळले असते तर कथा गोड राहिली असती, पण श्रोत्यांच्या काळजाला भिडली नसती. शत्रूला परके नाव देऊन त्याच्यावर माया करणे सोपे असते. त्याच्या खऱ्या नावानिशी त्याच्यासोबत हसता येणे, ही शेजारप्रीतीची कसोटी होय. त्या कसोटीला ही मालिका अर्धीच उतरली.