दुर्बिणीचे दुर्लक्षित पाय

एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून तीन पायांचे आसन खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, हे आपण भूमितीच्या तासाला सांगतो. विधान बिनचूक आहे. त्याच्या आधारावर कोणतीही तिपाई दुर्बिणीला चालेल असे मानणे मात्र चूक आहे, आणि शाळांच्या खरेदीत ती आम्हाला वारंवार दिसते. पक्षिनिरीक्षणासाठी स्पॉटिंग स्कोप घ्यायचा ठरला की भिंगाचा व्यास, वर्धन, किंमत यांवर तासन् तास चर्चा होते. तिपाई उरलेल्या पैशांत घेतली जाते. बहुधा कॅमेऱ्याच्या दुकानातली सर्वांत हलकी. तीनही पाय जमिनीला टेकतील एवढीच भूमितीची हमी असते. ते वाकतील किती आणि थरथरतील किती वेळ, हा प्रश्न स्थितिस्थापकतेचा आहे.

एक उदाहरण घेऊ. भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या काठी हिवाळ्यात टिलवे येतात. चिमणीएवढ्या या पक्ष्यांपैकी छोट्या टिलव्याचे पाय काळे, तर टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. दोहोंतील फरक सांगणारी ही मोठी खूण. पायाची जाडी जेमतेम २ मिलिमीटर धरली, तर १०० मीटरवरून ती सुमारे ४ विकला एवढा कोन करते (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). नुसत्या डोळ्याला साधारण ६० विकलांहून लहान तपशील वेगळा दिसत नाही. ६० पट वर्धन केले की ४ विकलांच्या २४० होतात आणि पायाचा रंग ओळखू येतो.

पण वर्धन थरथरीचेही ६० पटच होते. तिपाईचे पाय एकमेकांपासून मीटरभर अंतरावर असतील आणि त्यांतल्या एकाचे टोक ०.०२ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे, खाली-वर झाले, तरी दुर्बिणीचा नेम ४-५ विकला सरकतो. टिलव्याचा पाय आपल्या जाडीइतका हलला! याहून मोठी थरथर झाली की काळे-पिवळे सारे एक होते, आणि मग दोष भिंगाला दिला जातो.

ही थरथर येते कोठून? स्वस्त तिपाईचे पाय तीन-चार नळ्या एकात एक सरकवून केलेले असतात आणि सर्वांत खालची नळी बोटाहून बारीक असते. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येतो. उलट बाजूने, एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच बलाने त्याचे मोकळे टोक आठपट सरकते. उंची वाढवण्यासाठी दिलेला मधला दांडा हा नेमका असा दांडा आहे. तो पूर्ण वर काढणे म्हणजे तिपाईच्या डोक्यावर एकपायी उभी करणे. आमच्या मते दुर्बिणीच्या तिपाईला हा दांडा नसलेलाच बरा. असला तर खालीच ठेवावा.

खोक्यावर छापलेल्या 'भारक्षमता ५ किलोग्रॅम' अशा आकड्यावर आमचा विशेष आक्षेप आहे. तो कसा मोजायचा याचे सर्व उत्पादकांनी मान्य केलेले एकच प्रमाण नाही. फार तर तेवढ्या वजनाने तिपाई कोसळणार नाही असा त्याचा अर्थ. कंप किती आणि तो किती वेळात विरतो, याविषयी तो काहीच सांगत नाही. 'जड म्हणजे भक्कम' हा समजही अपुरा आहे. कार्बन तंतूंची तिपाई अ‍ॅल्युमिनियमच्या तिपाईपेक्षा हलकी असून बहुधा कंप लवकर विरवते. किंमत मात्र शाळेला झेपणारी नसते.

कंप विरण्याच्या काळाला शाळेत वेगळेच महत्त्व आहे. तीस मुलांची रांग असते आणि प्रत्येकाला वीस सेकंद दिले, तरी दहा मिनिटे जातात. तोवर पक्षी थांबला तर नशीब. प्रत्येक मूल डोळा लावताना दुर्बिणीला हात लावणारच. त्यानंतर चित्र स्थिर व्हायला पाच सेकंद लागले, तर पाव वेळ तेथेच संपतो. मागून घाई होते, मूल 'दिसला' म्हणते आणि बाजूला होते. न दिसलेली गोष्ट दिसली असे सांगण्याचा हा धडा निरीक्षणाच्याच तासाला दिला जातो, याचे आम्हाला खरे दुःख आहे.

खरेदीपूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. दुर्बीण तिपाईवर बसवून सर्वाधिक वर्धनाने दूरच्या विजेच्या खांबावरील चिनी मातीची चिमणी पाहावी, तिपाईच्या पायावर बोटाने टिचकी मारावी आणि चित्र स्थिर होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दोनहून अधिक लागले तर ती तिपाई घेऊ नये. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. माथा लांब मुठीचा आणि आडवे-उभे वळण स्वतंत्रपणे देणारा हवा. गोळ्याचा माथा सैल करताच दुर्बीण चहूकडे कलंडते. स्कोप अद्याप घ्यायचा असेल तर ४५ अंशांत वळलेल्या नेत्रिकेचा घ्यावा. मोठी माणसे वाकून पाहू शकतात, त्यामुळे तिपाई बुटक्या मुलाच्या उंचीला लावता येते आणि खालच्या बारीक नळ्या बाहेर काढाव्याच लागत नाहीत.

पैसे अगदीच कमी असतील तर जवळच्या तंत्रनिकेतनात चौकशी करावी. थिओडोलाइटची जुनी लाकडी तिपाई तेथे अडगळीत पडलेली असू शकते. तिला मधला दांडा नसतो, पायांना जमिनीत रुतणारी लोखंडी टोके असतात, आणि लाकडातील अंतर्गत घर्षणामुळे कंप झटकन विरतो. अडचण दोनच. ती वाहून न्यायला दोन धट्टीकट्टी मुले लागतात. आणि तिचा स्क्रू बहुधा पाच-अष्टमांश इंचाचा असतो, तर कॅमेऱ्याच्या माथ्याला पाव किंवा तीन-अष्टमांश इंचाचा लागतो. हा जोड कोणताही लेथवाला करून देईल. त्याच्याकडे जाताना माथा बरोबर न्यावा, म्हणजे आटे जुळवून घेता येतात.