चाल नागपूरची, कागद गोव्याचा

गाणं शिकवणाऱ्यांची नागपुरात कधीच वानवा नव्हती. शंकरराव सप्रे यांच्याकडे वसंतराव देशपांडे शिकले आणि काही काळ सी. रामचंद्रही. त्याच रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधल्या (१९५१) चालींना ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा साज चढवताना मदतीला होता चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा अंतोनियो शावियर वाझ. चाल एकाची, वाद्यमेळ दुसऱ्याचा, अशी ही वाटणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

गोव्यातच असे वादक का तयार झाले? पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना अक्षरांसोबत स्वरलिपी वाचायला शिकवत, हातात व्हायोलिन देत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) याच मुशीतले. त्यांनी संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर बेतलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. लोकांना मात्र ते आठवतात ते सिनेमातल्या एका विनोदी गाण्यामुळे!

विदर्भाच्या वाट्याला असा माणूस आलाच नाही, असं नाही. केशवराव भोळे १८९६ मध्ये अमरावतीत जन्मले. ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये (१९३३) त्यांनी मराठी रंगभूमीवर पियानो आणि व्हायोलिनला जागा करून दिली. ‘कुंकू’ चित्रपटात (१९३७) तर पार्श्वसंगीताची वाद्यंच बाजूला ठेवून भोवतालच्या आवाजांवर भिस्त ठेवली. कुठलं वाद्य कुठे वाजू नये, हे कळणं संयोजनातला सगळ्यात अवघड धडा. भोळ्यांना तो नव्वद वर्षांपूर्वी कळला होता.

आजच्या नागपुरात जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना तोटा नाही. सायंटिफिक सभागृहात आणि इतर हॉलमध्ये ते होतच असतात. तिथली सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे ‘कट टू कट वाजवलं’. रेकॉर्डमधला प्रत्येक म्युझिक पीस जसाच्या तसा काढायला कान तयार लागतो, यात शंका नाही. पण हे शुद्धलेखन झालं, निबंध नव्हे. शिवाय कराओके ट्रॅक आले आणि वादकांचीच गरज उरली नाही.

नकलेची मर्यादा पट्टी बदलताना उघडी पडते. बाईंनी काळी चारमध्ये गायलेलं गाणं पुरुष काळी एकमध्ये गाणार असला, की कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो. सगळं गाणं सात अर्धस्वर खाली जातं. व्हायोलिनचा जो तुकडा मधल्या पांढरी एकवर टेकत होता, तो आता खालच्या पांढरी चारवर येतो. व्हायोलिनची सर्वांत जाड तार मात्र त्याच सप्तकातल्या पांढरी पाचवर संपते. त्याखाली खऱ्या व्हायोलिनला सूरच नाही. कीबोर्डमधलं व्हायोलिन तो बिनदिक्कत वाजवतं आणि ऐकणाऱ्याला काहीतरी घोगरं, खोटं लागतं. जाणता संयोजक तो तुकडा एक सप्तक वर उचलेल, नाहीतर चेलोला देऊन टाकेल. बासरीवाल्याला बासरी बदलायला सांगेल, ते वेगळंच. निर्णय एवढासाच, पण तो घ्यायला वाद्यांची ओळख लागते, बटणांची नव्हे.

गळ्यांचंही तेच. आपलं समूहगान म्हणजे पन्नास जणांनी एकच सूर लावणं. मुलींना सोयीची पट्टी धरली की मुलगे एकतर ओरडतात, नाहीतर पुटपुटतात. चर्चच्या स्तोत्रसंग्रहात चार आवाजांच्या चार ओळी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. तो मार्ग रागसंगीताला जसाच्या तसा मानवत नाही, हे खरं. पण खालच्या आवाजांना नुसता षड्ज-पंचम धरायला देऊन वर चाल फिरवायची, एवढा प्रयोग तर कोणत्याही शाळेत होऊ शकतो.

जिवंत वाद्यमेळ बघायचा असेल तर नागपूरच्या पूर्वेला जावं. झाडीपट्टीच्या नाटकांत वादक आजही रंगमंचापाशी बसून रात्रभर साथ करतात. नट वाक्य लांबवतो, प्रेक्षक वन्स मोअर देतात, तसतसं वाजवणं जागच्या जागी बदलतं. वादक थोडे आणि प्रसंग अनेक, त्यामुळे कोणी कधी थांबायचं हे ठरवावंच लागतं. हे संयोजनच आहे, आणि बरंच तल्लख. पण ते कुठे लिहिलं जात नाही. वादक उठला की त्याची युक्तीही त्याच्यासोबत जाते.

हे लिहायला शिकवावं म्हटलं, की संगीतकार अजय-अतुल कुठे रीतसर शिकले, असा प्रश्न हमखास येतो. नाही शिकले. पण ‘सैराट’साठी (२०१६) हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत ऑर्केस्ट्रा बसला तेव्हा वादकांसमोर लिहिलेला कागद ठेवावाच लागला. प्रतिभेच्या जोरावर पार झालेली अशी उदाहरणं अभ्यासक्रमाची जागा घेऊ शकत नाहीत.

विशारद, अलंकारच्या परीक्षा देणारा विद्यार्थी भातखंडे किंवा पलुस्कर लिपीत बंदिश लिहितो, म्हणजे निम्मी तयारी झालेलीच असते. त्याच कागदावर दुसरी ओळ बासरीची आणि तिसरी चेलोची लिहायला त्याला कोणी सांगत नाही. विद्यापीठाच्या संगीत विभागाने आणि शहरातल्या विद्यालयांनी ‘संगीत संयोजन’ हा एक प्रात्यक्षिक पेपर सुरू करावा. आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांनी दर मैफलीत एक तरी जुनं गाणं नव्या वाद्यमेळात मागावं, संयोजकाचं नाव पत्रिकेवर छापावं आणि त्याला वेगळं मानधन द्यावं.