सात जोडपी आणि दहा माणसे : केहिमकरांचा ग्रंथ पुन्हा वाचताना

बेने इस्रायलांविषयी मराठीत जे लेख येतात, त्यांची सुरुवात बहुधा एकाच जागी होते. अलिबागजवळचा नौगावचा किनारा, फुटलेले गलबत, त्यातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया. पुढे तेलाचा घाणा येतो, शनिवारी तो बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ येतात, आणि महाराष्ट्राने ह्या लोकांना कधी छळले नाही ह्या समाधानावर लेख संपतो. हे मी नाक मुरडून लिहीत नाही. असाच एक लेख मी स्वतः लिहिला आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी एका वार्षिकात तो छापून आला. त्यात ‘इ.स.पू. १७५’ हे साल मी अगदी ठामपणे दिले होते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. इतिहासाचा एकही पेपर मी दिलेला नाही. छापलेले साल दिसले की ते खरे, अशी तेव्हा माझी समजूत होती. लेख वाचून ठाण्याच्या एका वयोवृद्ध बेने इस्रायली गृहस्थांचे पोस्टकार्ड सटाण्याला आले. साल बरोबर की चूक ह्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. पहिल्या सात जोडप्यांचे सगळेच लिहितात. शनिवारी सकाळी दहा पुरुष जमवताना आमची काय तारांबळ होते ते कधी लिहाल, एवढाच मजकूर होता.

हे दहा पुरुष कोण, ते सांगायला हवे. यहुदी धर्मात एकट्याने प्रार्थना करायला कोणाची आडकाठी नाही. पण तोराचे सामुदायिक वाचन करायचे, किंवा मृतासाठी कद्दीश म्हणायचे, तर परंपरेप्रमाणे तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष हजर लागतात. ह्या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ जण आणि उत्तम पुजारी असून भागत नाही. दहावा माणूस लागतोच. म्हणजे सिनेगॉग चालते की नाही हे इमारतीवर ठरत नाही, दर शनिवारी घरातून निघून येणाऱ्या माणसांवर ठरते. हे कळल्यावर मी हाईम सॅम्युएल केहिमकरांचा ‘हिस्टरी ऑफ द बेने इस्रायल ऑफ इंडिया’ पुन्हा हातात घेतला. पहिल्यांदा मी त्याची सुरुवातीचीच प्रकरणे चाळली होती. ह्या वेळी झेरॉक्स काढून, शब्दकोश शेजारी ठेवून, शेवटापर्यंत वाचला.

केहिमकरांचा काळ १८३० ते १९०९. आडनाव अलिबागच्या किहीमवरून आलेले. ग्रंथ त्यांनी १८९७ मध्ये पुरा केला, पण हयातीत तो छापला गेला नाही. १९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्सवांगर हे झायनिस्ट चळवळीचे प्रतिनिधी हिंदुस्थानात आले. त्यांच्या संपादनाखाली ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीवला प्रसिद्ध झाला. लिहून चाळीस वर्षे झालेली, लेखक जाऊन अठ्ठावीस. तेव्हापासून ह्या समाजावर लिहिणारा प्रत्येक जण केहिमकरांकडे जातो, आणि बहुतेक जण पहिल्या प्रकरणांतून साल आणि गलबत उचलून परततात.

ती प्रकरणे ग्रंथाचा सर्वांत कच्चा भाग आहे, असे माझे मत झाले आहे. अँटिओकस राजाच्या छळामुळे काही यहुदी इ.स.पू. १७५ च्या सुमारास गॅलिलीतून निघाले आणि कोकणात पोचले, असे केहिमकर मांडतात. आधार आहे तो परंपरेचा आणि तर्काचा. सुंता, शनिवारची विश्रांती, खवले असलेलाच मासा खाणे, ‘शमा’ ही एवढीच पाठ राहिलेली प्रार्थना. ह्या खुणांवरून ते मागे मागे जातात. लिखित उल्लेख म्हणावा तर सार्टोरियस ह्या डॅनिश मिशनऱ्याचे पत्र मिळते, आणि ते आहे १७३८ सालचे. मधली दोन हजार वर्षे अनुमानाने भरून काढलेली आहेत. ह्या लोकांना धर्म पुन्हा शिकवणारा दाविद राहाबी कोण आणि केव्हाचा, ह्यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी त्याला हजार वर्षे मागे नेतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यात बसवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पश्चिम आशियाई यहुदी आणि स्थानिक भारतीय, असे दोन्ही वारसे ह्या समाजात आढळले. त्यावरून गलबताचे साल काही निघत नाही.

मग एवढा काटेकोर माणूस ह्या एका सालावर इतका का अडून बसतो? उत्तर त्यांच्या आधीच्या एका पुस्तिकेच्या नावात आहे. १८९२ मध्ये त्यांनी मुंबईत इंग्रजी पुस्तिका छापली. नावाचा अर्थ असा : बेने इस्रायलांच्या इतिहासाची रूपरेषा आणि त्यांच्या शिक्षणासाठी आवाहन. इतिहास आणि देणगीची मागणी एकाच मुखपृष्ठावर! केहिमकर त्या वेळी शाळा चालवत होते आणि शाळेला पैसे हवे होते. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळत होती, ती टिकायला हवी होती. कोकणातले मराठी बोलणारे, लुगडी नेसणारे हे लोक खरेच यहुदी आहेत का, ही शंका देणाऱ्याच्या मनातून काढल्याशिवाय शाळेची भिंत उभी राहणार नव्हती. म्हणून ग्रंथ इंग्रजीत आहे. आयुष्यभर मराठीत वावरलेल्या माणसाने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला तो परक्या वाचकासाठी. पहिली प्रकरणे वाचताना हा समोर बसलेला परका वाचक सारखा जाणवतो. त्याला पटवण्याच्या भरात केहिमकर शंकेला जागा ठेवत नाहीत, आणि संशोधक म्हणून तिथे ते कमी पडतात.

शाळेची, सिनेगॉगची, शिक्षकांची पाने लागली की मात्र आवाज बदलतो. इथे त्यांना काही सिद्ध करायचे नाही. त्यांनी हे पाहिलेले आणि केलेले आहे. १८५३ मध्ये मित्रांबरोबर शिक्षणासाठी काढलेली संस्था, १८७५ मध्ये सुरू झालेली इस्रायली शाळा. पुढे हीच शाळा सर एली कदूरी ह्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईत माझगावला आजही ती आहे. केहिमकर धर्मगुरू नव्हते. बेने इस्रायलांत स्वतःचे रब्बी तयार होण्याची परंपराच नव्हती. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ह्या तीन घराण्यांतले काजी होते, आणि १८२६ नंतर कोचीनहून आलेले शिक्षक होते.

आणि मिशनरी होते. हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले, ते ह्या समाजासाठी. अमेरिकन मिशनने शाळा काढल्या, मराठी बायबल हातात दिले. हेतू धर्मांतराचा होता. घडले भलतेच : मूळ भाषा कळू लागली, आपल्या प्रार्थनांचा अर्थ समजला, आणि समाज आपल्या धर्मात अधिक पक्का झाला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची हग्गादा मराठी अर्थासह शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ ची पुण्याची हग्गादा विठ्ठल सखाराम अग्निहोत्री ह्यांच्या छापखान्यातली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्या शिक्षकाने हिब्रू प्रार्थनांची अनेक पुस्तके मराठीत आणली. ह्या सगळ्या खटपटीला केहिमकर ज्या बारकाईने जागा देतात, तशी ती त्या काळच्या दुसऱ्या कोणा जातीच्या इतिहासात मी पाहिलेली नाही. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे, अगदी मिशनऱ्यांचेही, ऋण ते मोकळेपणाने मानतात.

सिनेगॉगला हे लोक ‘मशीद’ म्हणत. मुंबईतले पहिले सिनेगॉग मांडवीचे, १७९६ चे; टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकर ह्या लष्करी अंमलदाराने बांधलेले. ‘मशीद बंदर’ हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. दुसरे १८४० मध्ये झाले आणि साहजिकच जुनी मशीद, नवी मशीद असे बोलले जाऊ लागले. मग रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. कारभाराची पदे आपल्याकडच्या कोणाही गावकऱ्याला ओळखीची वाटतील. मुकादम प्रमुख, त्याच्या हाताशी चौगुला, पैशांचा हिशेब गबाईकडे, प्रार्थना चालवायला हज्जान, झाडलोट आणि दिवाबत्तीला समाश. तोरासमोर उभे राहण्याचा मान लिलावाने दिला जाई आणि त्या पैशांतून खर्च भागे. सणांचीही घरगुती नावे होती : नव्याचा सण, खिरीचा सण, उपास सोडताना वालाचे बिरडे खायचे म्हणून बिरड्याचा रोजा. लोक ह्या नावांचे कौतुक करून पुढे जातात. मला वाटते, मुकादम-चौगुल्यांची पदे जास्त बोलकी आहेत. मराठी गावाचा कारभार आणि हिब्रू प्रार्थनेची व्यवस्था एकमेकांत कशी बसवली गेली, ते तिथे दिसते.

ह्या जागी थोडे विषयांतर करतो. आमच्या सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणाऱ्या मामलेदाराचे हे गाव. लहानपणापासून यात्रेत कीर्तने ऐकली. नमन, पूर्वरंग, उत्तररंग हा क्रम कानात बसलेला. बेने इस्रायलांनी १८८० च्या सुमारास मुंबईत हाच साचा घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची आख्याने लावली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले एक आद्य कीर्तनकार. ह्याला हिंदूंचा ‘प्रभाव’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. पण ज्याला हिब्रू येत नाही त्याला धर्मकथा सांगायची तर रात्रभर लोकांना बसवून ठेवणारे दुसरे कोणते साधन तेव्हा हाताशी होते? अष्टमकरांचे कीर्तन आणि केहिमकरांची शाळा ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. रात्रशाळाच म्हणा ना.

ग्रंथाचे दोष लपवण्याजोगे नाहीत. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायली हा भेद समाजात होता. मिश्र संबंधांतून झालेल्यांशी इतरांचे बेटीव्यवहार होत नसत. केहिमकर त्याची नोंद करतात, पण गोऱ्यांच्या पंक्तीत बसून. पलीकडच्या पंक्तीला काय वाटत होते, ते कळत नाही. बायका लग्नाच्या, बारशाच्या वर्णनांत पुष्कळ आहेत; शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या म्हणून फारशा नाहीत. मलिद्याचे ताट भरणाऱ्या, वालाचे बिरडे सोलणाऱ्या, मराठी गाणी पाठ ठेवणाऱ्या त्याच होत्या. त्यांचे बेने इस्रायल स्त्री मंडळ १९१३ मध्ये निघाले, तेव्हा केहिमकरांना जाऊन चार वर्षे झाली होती. आणि लष्करातल्या देशी अंमलदारांच्या लांबलचक याद्या वाचताना, खरे सांगतो, मीही पाने उलटली.

इथवर आल्यावर उगमाची प्रकरणे बाजूला ठेवावीत, असे मी लिहिणार होतो. तसे करता येत नाही. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांना १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या आदेशाने सांगण्यात आले की, लग्नापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी होईल. तुम्ही यहुदी कशावरून, हा केहिमकरांच्या वेळचा प्रश्न सत्तर वर्षांनी नवरा-नवरीपुढे उभा राहिला. निदर्शने झाली, जेरुसलेममध्ये सत्याग्रह झाला. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला, तेव्हा प्रकरण निवळले. ज्याला असे दारात अडवले जाणार होते, त्याच्या बापजाद्यांनी साल घट्ट धरून ठेवले ह्याचे मला आता नवल वाटत नाही. ते साल मी मात्र कोणीही न अडवता, निव्वळ आळसाने उतरवले होते.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत ह्या देशात वीसेक हजार बेने इस्रायल होते. आज पाच हजारही नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांतले बरेच जण मुंबई-ठाण्याकडे राहतात. कोकणातल्या जुन्या मशिदींत सणावाराला बाहेरून माणसे आली तर दहांचा आकडा भरतो. कोणी रंग लावून घेतो, कोणी किल्ल्या सांभाळतो, कोणी मुलांना हिब्रू अक्षरे गिरवायला बसवतो. पगारी माणसे थोडी, बाकी सगळे आपली नोकरी-धंदा सांभाळून.

माझ्या जुन्या लेखातली दुरुस्ती अशी : ‘इ.स.पू. १७५ मध्ये’ ह्याऐवजी ‘केहिमकरांच्या मते इ.स.पू. १७५ च्या सुमारास’ असे वाचावे. पोस्टकार्डाला मी तेव्हा उत्तर पाठवले नव्हते. त्यावरचा पत्ता अजून वाचता येतो. ह्या अंकाची एक प्रत त्या पत्त्यावर पाठवणार आहे.